घोट्यापाशी लोखंड

सिव्हिलच्या लॅबमध्ये माझं काम रंग देण्याचं.
कागदाहून पातळ कापलेली कातडी
काचेवर पसरायची, रंगात बुडवायची,
डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवायची.
मंगळवारच्या डबीवर नाव कन्नडात होतं.
वाचलं आणि हात थांबला:
ईराप्पा लोकरी, वडगाव, वय अठ्ठावन्न.
आमच्याच गल्लीतले. भिंतीला भिंत.
त्यांच्या मागाच्या ठेक्यावर मी पाढे पाठ केले.
माग थांबला की मीही अडकायचो,
सतरा सक... सतरा सक...

पस्तीस वर्षं दोन मागांच्या मधे उभा माणूस.
स्टूल होतं, पण बसलं की तुटलेला धागा दिसत नाही,
आणि धागा ओरडून सांगत नाही.
शिराही नाही सांगत.
रक्तानं पायातून वर चढायचं,
प्रत्येक पायरीला झडप, मागे लावून घ्यायची.
झडपा ढिल्या झाल्या. चढलेलं खाली आलं,
घोट्याशी साचलं.

मग पांढऱ्या पेशी आल्या. राखणदार.
धावत्या रक्तात त्यांना कुठली थांबायला सवड?
इथं धारच मंद. त्या भिंतीला टेकल्या,
ताणानं दुखावलेल्या भिंतीनं त्यांचं बोट धरलं,
आणि फटीतून त्या पलीकडे.
हे आम्हा बेळगावकरांना समजावून सांगायला नको.
कुठं काही झालं की बंदोबस्त येतो,
शाळेच्या व्हरांड्यात चूल मांडतो,
झालेलं मिटतं,
परतीचा हुकूम मात्र कुणालाच आठवत नाही.

मी निळा रंग दिला. तो फक्त लोखंडाला धरतो.
भिंगाखाली पाहिलं तर
सगळ्या पोटांतून निळं, थेट त्यांच्या साड्यांच्या काठाचं निळं.
सांडलेल्या तांबड्या पेशी गिळून गिळून
राखणदारांच्या पोटात गंज साठलेला.
त्यांच्या खरं तर दोन पाळ्या:
आधी केर काढायचा,
मग गवंड्याला हाक मारायची.
पण एवढं लोखंड खाल्लेला पहिल्या पाळीतून सुटत नाही.
झाडतो, झाडतच राहतो,
कोवळी कातडी आली की तीही केरात.
तीन वर्षं जखम उघडी.

कॅन्सर नाही, डॉक्टर म्हणाले. सही केली.
रिपोर्ट इंग्रजीत.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो.
"जंतू किती घावले रे?"
"थोडे. बाकी सगळे तुमचेच आहेत."
"माझेच?"
त्यांनी माग बंद केला. एवढ्या शांततेत
मी ते घर कधी पाहिलं नव्हतं.
पायावरचा तपकिरी डाग त्यांनी अंगठ्यानं घासून बघितला,
जसा काय तो तेलाचा असावा.
"मग त्यास्नी सांगायचं कुणी, जावा आता म्हणून?"

उत्तर नव्हतं. पट्टी होती.
नाडी तपासून डॉक्टरांनी लिहून दिलेली, ताण देऊन बांधायची.
मी बोटांपासून सुरुवात केली, सिस्टरनं दाखवलं तशी.
गुडघ्यापर्यंत पोचलो, तर त्यांनी खाली एक बोट घातलं,
ताणा बघतात तसं.
"उलटं केलंस की. खाली सैल, वर आवळ."
सोडली. स्वतः बांधली.
वाकताना धाप लागत होती, हात मात्र बिनचूक:
घोट्याशी घट्ट, वर जाताना एकेक धागा सोडत,
अर्धा वेढा खालच्या वेढ्यावर, काठाला काठ.
निंगव्वा दारात उभी. म्हणाली,
"अस्सं माझं लुगडं कधी विणलं न्हाई."
ते हसले नाहीत. पट्टीचं टोक खोचत होते.

रात्री दहाला लाइट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम गप्प.
भिंतीपलीकडे कॉटच्या पायथ्याखाली
कुणीतरी विटा सरकवत होतं, एक, मग दुसरी.
पाय काळजाच्या वर.
आवळलेल्या पट्टीखाली
कुणी जागा सोडून उठतंय का,
हे काचेशिवाय मला कळणार नव्हतं.

एकशे दोन, मी अंधारात म्हणालो.
सतरा सक एकशे दोन.