डावीकडचा ब्रेक

फॉर्मवर एक रकाना होता : गाडीची कंपनी.
सगळ्यांनी एकच नाव लिहिलं होतं.
मी दुसरं लिहिलं,
तेव्हा क्लबचे अध्यक्ष कुरियन साहेब
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"मॅडम, आपण कुणाबरोबर आलात?"
गाडीबरोबर, म्हटलं.

द्रोणागिरीला, कंटेनर यार्डाच्या मागे,
रविवारी मोकळा पडलेला काँक्रीटचा पट्टा.
त्यावर नारिंगी शंकू. पलीकडे खारफुटी.
त्यांच्या तेवीस गाड्या, सगळ्या एका आईच्या,
नाकावर तोच बिल्ला,
बॉनेट उघडून उभ्या,
डॉक्टरसमोर आ करून बसलेल्या मुलांसारख्या.
आणि टोकाला माझी वॅगनार.
टपावरची पाटी काढलेली,
स्क्रूची चार भोकं चिकटपट्टीने बुजवलेली.
दारावरचं मात्र निघालं नाही :
घरत मोटर ट्रेनिंग, नेरूळ, सेक्टर सोळा,
स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका.

गळ्यात त्यांनी पट्टा घातला. 'पाहुणे'.
मी तो वाचला, आणि उलटा केला.
चौथं वळण आहे ना, टायर रचलेत तिथे,
त्या काँक्रीटखाली आमच्या नानांचं मिठागर आहे.
बोलले नाही कुणाला.
चहा त्यांचा होता.

नियम असा, की नवख्याबरोबर क्लबचा माणूस बसतो.
माझ्या वाट्याला देवव्रत आला,
सव्वीसेक वर्षांचा, हातमोजे घातलेला.
"आंटी, रिलॅक्स. मी आहे."
डावीकडे बसला, पाय पसरले,
आणि थबकला.
"इथे ब्रेक आहे?"
आहे. क्लचही आहे.

एकोणीस वर्षं ती जागा माझी.
तिथे बसून शिकवलं
निवृत्त झालेल्या पिल्ले बाईंना,
बाळ यायच्या आत लायसन्स हवं असलेल्या फरझानाला,
मुलाने गाडी घेऊन दिली, चावी नाही,
त्या सावंत वहिनींना.
पाम बीचवर काटा चाळिसाच्या वर जाऊ दिला नाही.
एकोणीस वर्षं उजवा पाय अधांतरी,
पेडलपासून बोटभर वर,
दुसऱ्याच्या चुकीची वाट बघत;
रात्री झोपेतसुद्धा पोटरी ताठ.
मी गाडी चालवली, असं कसं म्हणू?
थांबवली. हजारो वेळा थांबवली.

"दाबायचा नाही," मी त्याला म्हटलं.
"काहीही झालं तरी?"
"त्याचेच तर साडेतीन हजार भरलेत."

झेंडा पडला.
पहिलं वळण मी शिकाऊसारखं घेतलं,
दुसरं जरा कमी.
तिसऱ्यात इंजिन असं किंचाळलं
की वाटलं, कुणाला तरी झापावं.
गाडीत मीच होते झापायला.
"ब्रेक, आंटी, आता ब्रेक, ब्रेक —"
रोज मीच म्हणते हे.
त्यात एवढी भीती असते
हे उजवीकडच्या सीटवर बसल्यावर कळलं.

चौथं.
मागची चाकं किंचित सुटली,
ओल्या मिठावर टाच सुटते तशी,
आणि पुन्हा धरली.
कप्पा उघडला, कुणाकुणाच्या शिकाऊ लायसन्सच्या झेरॉक्स
गाडीभर उडाल्या.
अठ्ठ्याहत्तर.

डावीकडे एकदाच पाहिलं :
देवव्रतचा पाय अधांतरी,
पेडलपासून बोटभर वर.
दाबला नाही पोराने.

एक मिनिट बत्तीस सेकंद. चोविसात एकविसावी.
म्हणजे तिघं माझ्या मागे,
त्यातला एक स्वतः कुरियन.
त्यांनी अंड्याचं सँडविच आणून दिलं, म्हणाले,
"पुढच्या वेळी आमची एखादी चालवून बघा."
बघू, म्हटलं.

देवव्रत अजून उतरला नव्हता.
पोटरी चोळत होता.
"रोज असं बसता तुम्ही?"

उद्या साडेसहाला सेक्टर विसातल्या नव्या बाई,
पहिलाच दिवस.
पाटी परत बसवायची आहे.
चारही स्क्रू खिशात आहेत,
मघापासून हाताला लागतायत.