महिन्याला तीन मिलिमीटर

कोल्हापूरच्या कोर्समध्ये नव्वद दिवस
जेल, ॲक्रिलिक, फ्रेंच टिप.
आजारी नखं एका दुपारीच उरकली:
आठ रंगीत झेरॉक्स
आणि मॅडमचं एक वाक्य,
शंका आली तर हात लावायचा नाही.

शंका तर रोज येते.
विश्रामबागेत, औषध दुकानाच्या वर,
माझ्या दीड टेबलाच्या खोलीत
चप्पल काढून आत येते, पंख्याखाली बसते
आणि विचारते, मरून शेड आहे का?

उपाध्यांच्या सुनेची नखं चमच्यासारखी खोलगट.
पाण्याचा थेंब ठेवला, तो तसाच राहिला.
म्हटलं, रंग नंतर, आधी रक्त तपासा.
ती म्हणाली, रोज सगळ्यांना मीच वाढते की.

कॉलेजचा एक पोरगा, नखांवर सुईनं टोचल्यागत खळगे,
शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे.
कोपर दाखव म्हटलं
तर त्यानं बाही आणखी खाली ओढली.

बिरनाळे बाईंच्या अंगठ्यात
पेन्सिलीनं ओढावी तशी काळी उभी रेघ.
लेकीचा साखरपुडा परवावर.
मी बाटलीचं झाकण लावलं.
मिरजेला जावा, म्हटलं, आजच जावा.
"तू डॉक्टर हैस काय?"
समोरच्या पार्लरमधून त्या रंग लावून बाहेर पडल्या,
मी जिन्यातून पाहिलं.
रंग छान बसला होता.
पुढचं मला माहीत नाही.
अजून, रिक्षातून उतरणाऱ्या बायकांचे
मी आधी अंगठे बघते.

आणि छबुताई ऐवळे.
मार्केट यार्डात, हळदीच्या वखारीत कामाला.
चैत्रात आली, भाचीच्या लग्नासाठी.
दहाच्या दहा नखं पिवळी.
हळद ना? मी हसून विचारलं.
"मग काय सोनं असतंय?"
लिंबानं पुसली, रिमूव्हरनं पुसली,
हळद कापसावर उतरली
आणि खालून निघाली खाच.
प्रत्येक नखावर आडवी, जवळपास एकाच उंचीवर,
गावभागातल्या भिंतींवर
पुराच्या पाण्याची खूण असते तशी.

नख महिन्याला तीन मिलिमीटर वाढतं.
पट्टी लावली नाही, डोळ्यांनीच मोजलं.
"तीनेक महिन्यांमागं आजारी होता?"
"न्हाई."
बोटं कोमट पाण्यात.
"संक्रांतीच्या आसपास?"
"ताप आलता."
पाणी निवलं. मी दुसरं आणलं.
"ताप नव्हता," ती पाण्याकडं बघत म्हणाली.
"घरात कुणाला ठावं न्हाई.
दुसऱ्या दिवशी काट्यावर उभारलोच की मी."

खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"जेलनं भरून काढते. दिसणार नाही."
"दिसू दे. हळद बसंलच की वरनं."

तेव्हापासून महिन्याला येते.
रंग लावत नाही. टेबलावर पंजे पसरते,
मी पुसते, ती खाच बघते
किती पुढं सरकली ते,
चाळीस रुपये ठेवते आणि बस पकडते.

आज खाच टोकाशी आली.
फक्त अंगठ्यांची राहिली,
अंगठे नेहमीच मागं राहतात.
मी ट्यूबलाइट लावली. बाहेर दिवेलागण.
नखांचं दुकान असून
तिन्हीसांजेला मी नखं कापत नाही,
आईनं लावलेलं वळण.
"उद्या दुपारी या ना."
"आत्ता काप."

खाली वर्तमानपत्र पसरलं.
एक, दोन, तीन. ती ओठांत मोजत होती.
सातवा तुकडा उडाला.
पंखा बंद केला
आणि दोघी खाली बसलो,
टेबलाच्या पायांत, कापसाच्या बोळ्यांत,
तळव्यानं फरशी चाचपत.
रस्त्यावर दिवे लागले तरी सापडेना.
सापडला तो तिच्याच पदरात,
पिवळा.