पाणसळ

साताऱ्यात दोन दिवसांचं काम होतं :
एकवीस काटे, एकवीस सह्या.
बॅगेत पितळी वजनं, मऊ फडक्यात गुंडाळलेली,
आणि वीतभर पाणसळ,
जिच्या पोटात एक हिरवा बुडबुडा.

मी लातूरची.
आमच्याकडे रस्ता दिसतो तिथवर जातो.
इथं पोवई नाक्यावर मोती चौक विचारला
तर माणूस म्हणाला, "वरच्या रस्त्यानं जाताय का खालच्या?"
जणू गाव म्हणजे दुमजली घर
आणि मी जिन्यात उभी.

रिक्षा केली नाही.
कंपनी भाडं देते, पण पावती मागते,
आणि पावती मागितली की रिक्षावाला आपल्याकडे
पोलिसाकडं बघावं तसं बघतो.
चालले.
गुरुवारात शिरले, शनिवारात निघाले,
शुक्रवार कुठल्या बोळात गळाला कळलंच नाही.
मोबाईलवर दिवसभर मंगळवारच होता.
कुठूनही वळा, बोळाच्या टोकाला किल्ला,
डोक्यात टॉवर खोवून, काही न बोलता.

पेढेवाल्याच्या काट्याखाली चार आण्याचं नाणं.
सगळ्या देशात बंद पडलं,
इथं एका पायाखाली अजून चालतं.
"काढू नका," तो म्हणाला, "वडलांनी ठेवलंय."
पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये.
मी नाणं पुन्हा होतं तसं सरकवलं
आणि अहवालात त्याचं नाव घेतलं नाही.

सराफाकडे पंखा बंद करून श्वास धरला.
भुसार दुकानात काट्यावर मांजर झोपलेलं,
तीन किलो दोनशे दहा.
पोटऱ्या बोलायला लागल्या होत्या तोवर.
एका ओट्यावर टेकले, तर आतून तांब्या आला.
"प्या, कासचं पाणी. तिकडनं आपसूक उतरत येतं."
आपसूक.
आमच्याकडे एका उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं आलं होतं,
तेही इकडूनच, मिरजेहून.
हे मी त्या बाईंना सांगितलं नाही.
तांब्या मात्र तळापर्यंत प्याले.

एकविसावा काटा माचीवरच्या दवाखान्यात.
बाळांचा.
शिंगटे सिस्टर म्हणाल्या, "आधी हिचं घेऊ द्या, लांबून आलीये."
शबनूर मुलाणी, हातात कार्ड, कार्डावर
तीन महिने एकाच जागी अडलेली रेघ.
पाळणा ठेवला, आकडा आला,
तिनं आकड्याकडं पाहिलंच नाही. पाठ झाला असावा.

मी वाकून पाहिलं.
ट्रेची कड भिंतीला टेकलेली,
जमीन त्या बाजूला उतरती,
काटा हळूहळू घसरत गेलेला. कुणाच्या लक्षात येणार?
बाळाचं थोडं वजन
भिंतच धरून उभी होती, रोज.

टेबल ओढलं. पुठ्ठा दुमडला. बुडबुडा आणला जागेवर.
माझं पितळी पाच किलो, बरोबर पाच.
मग पुन्हा बाळ.
तीनशे चाळीस ग्रॅम जास्त.

ती हसली नाही.
कार्ड उलटंपालटं करत म्हणाली,
"मग एवढे दिवस मी त्याला उठवून उठवून पाजलं ते?
सासूबाई बोलल्या ते?"
सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या.
माझ्याकडं त्याचं वजन नव्हतं.

संध्याकाळी चार भिंतीपर्यंत चढले, उगाचच.
खाली दिवे लागत होते, आधी खालचा रस्ता, मग वरचा.
कठड्यावर पाणसळ ठेवून पाहिली.
बुडबुडा पळाला, एका कडेला जाऊन बसला,
एसटीत खिडकी मिळाल्यासारखा.
मीही बसले.

लॉजवर अहवाल भरला.
वीस ठिकाणी शेऱ्यात : ठीक.
एकविसाव्यात लिहिलं :
भिंतीपासून चार बोटं लांब ठेवणे.
खोडलं. नियमात "बोटं" बसत नाहीत.
मग सेंटिमीटरमध्ये लिहिलं,
आणि दिवा घालवल्यावर कितीतरी वेळ
पलंग एका बाजूला उतरता वाटत राहिला.