आधी सगळं बंद

उदगीरच्या मोंढ्यात, आडतीच्या मागं आमचं ऑफिस.
पाच कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
तुरीची धूळ सगळ्यांवर सारखी.

तोष्णीवाल शेठ म्हणाले,
तो जुना कॉम्प्युटर बसवा की राखणीला, फुकटात होतंय.
मुनीरनं त्याचं झाकणच काढून दाखवलं.
पंख्यात भुसा, भुशात पाल.
"ह्यालाच धाप लागलीय, शेठ."

मग लातूरहून फायरवॉल आली.
जेवणाच्या डब्याएवढी, बिनपंख्याची,
तीन हिरवे दिवे, आवाज नाही.
शेठनं हातात घेऊन वजन केलं,
किमतीच्या मानानं हलकी वाटली त्यांना.

"आधी सगळं बंद," मुनीर म्हणाला.
"आता सांगा ताई, कुणाला जाऊ-येऊ द्यायचं?"
बँक. जीएसटी. बाजारभाव.
शेठच्या पुण्यातल्या मुलाला, पण खातेवही सोडून.
मी वहीत लिहीत गेले.
साडेचारला हैदराबादहून माझी लेक
दोन मिनिटं तोंड दाखवते.
लिहिलं. खोडलं.
ते काही कामाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नोंदी उघडल्या.
रात्रभरात सतराशे वेळा
कुणी कुणी कडी वाजवून गेलेलं,
आम्ही घरी झोपलेलो.
"कोण येलालंय, कोण जालालंय, समदं दिसतंय," मुनीर खूश.

सगळ्यात खाली नियम बारावा,
मी न सांगितलेला:
साडेचार ते पाच. ताई.