मुदतवाढ

जाहिरातीत होतं:
पद एक. तात्पुरतं. अकरा महिने.
समांतर संगणनाचा अनुभव असल्यास प्राधान्य.
प्रवासखर्च मिळणार नाही.

पवईच्या त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही नऊजण,
नऊ प्लास्टिकचे फोल्डर
आणि एकच दार.
इरफान मुकादम म्हणाला,
"नऊ प्रोसेसर, एक लॉक."
कुणी हसलं नाही.
त्याची ही सातवी मुलाखत होती,
विनोदही बहुधा सातव्यांदाच.

आत चार सर, एक मॅडम,
बिस्किटांची बशी त्यांच्या बाजूला.
"चौसष्ट कोअर दिले तरी प्रोग्रॅम
चौसष्टपट वेगानं का धावत नाही?"
उत्तर पाठ होतं मला, सूत्रासकट.
रात्री आरशासमोर तीनदा म्हटलं होतं.
तोंडातून निघालं: "सोडे."

मग सांगावंच लागलं.
वेसाव्याला आमच्या ओटीवर
बारा बाया बसतात कोळंबी सोलायला.
आई वाटे घालत नाही.
वाटे घातले की चंपामावशीचा तसाच राहतो,
तिची बोटं वाताने आखडलेली,
आणि हिराबाय आपला उरकून
लोकांच्या सुनांवर येते.
म्हणून ढीग एकच, मधोमध.
जिची मूठ रिकामी तिनं उचलायचं.
तरी बारा बायांनी काम बारापट होत नाही,
कारण बर्फ फोडणारा अंत्या एकटा,
आणि तो चहाला गेलेला असतो.

एक सर हसले, बाजूच्याकडे बघून.
मॅडमनी चष्मा काढला.
"आणि दोन हात एकाच कोळंबीवर आले तर?"
"जिचं वय जास्त, तिची."
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.
अंत्याचं नाव असेल,
नाहीतर घरी न्यायची भाजी.

पद मला मिळालं.

त्याला आता चौथं वर्ष.
म्हणजे चार वर्षं नव्हे:
अकरा महिने, मग एक दिवसाचा खंड,
पुन्हा अकरा महिने, पुन्हा खंड.
सलग राहिलं तर माणूस
कायम असल्याचा दावा करतो म्हणे.
तळघरातल्या थंड खोलीत
मी शाल पांघरून बसते,
कुठला नोड कुणाची वाट बघत अडकलाय
ते शोधत.
'अ' थांबलाय 'ब'साठी,
'ब' थांबलाय 'अ'साठी,
दोघेही सभ्य, कुणीच आधी हात सोडत नाही.
अशा वेळी एकाला मारावं लागतं.
त्याची आज्ञा तीन अक्षरांची आहे.

आज तो खंडाचा दिवस.
सकाळी कार्ड लावलं सवयीनं,
दिवा लाल झाला.
वॉचमन बोराडे रोज विचारतात, "जेवलात का?"
आज वहीत बघून म्हणाले,
"नाव नाही मॅडम."
फाईल लेखा विभागात आहे.
तिथे सही करणारे एकच,
आणि ते रजेवर.

काल रात्री मात्र मी
बहात्तर तासांचं काम रांगेत लावून आले होते.
ते चालू आहे.
दोनशे छप्पन कोअर माझ्या नावानं
वाऱ्याचा वेग मोजतायत
खाडीवरून सरकणाऱ्या एका वादळाचा,
जे अजून झालेलंच नाही.
त्यांना कुणी कळवलेलं नाही
की आज मी कुणी नाही.

दुपारी ओटीवर बसले.
हिराबायनं विचारलं, "आज सुटी हाय का गो?"
म्हटलं, खंड आहे.
"म्हंजे?"
सांगितलं. तिनं मान डोलावली,
जसं काही तिच्या नवऱ्यालाही बोटीवर
असंच ठेवायचे.
मग पाटी माझ्याकडे सरकवली.

इरफानचा मेसेज आला मध्येच:
उद्या आठवी. कुलाब्याला. काय विचारतात?
बोटं ओली होती.
लिहीन नंतर.

चंपामावशीची मूठ अजून अर्धीच.
अंत्या गेलाय चहाला.