साठातले पस्तीस

"डाव्या कुशीवर वळा," टेक्निशियन म्हणाली
आणि नायनांच्या बरगडीवर गार जेल लावलं.
साखर पेठेतला वरचा मजला, पडदे ओढलेले,
पंखा बंद.

स्क्रीनवर राखाडी, धुरकट काहीतरी
उघडत होतं, मिटत होतं.
पुरतं मिटत नव्हतं.

नायना बघतच नव्हते. कान देऊन पडलेले.
चाळीस वर्षं पॉवरलूमवर; नुसत्या आवाजावरून सांगायचे
कुठल्या मागाचा धोटा अडतोय.
डॉपलरची फसफस सुरू झाली तसे म्हणाले,
"पट्टा ढिला पडलाय गं."

पस्तीस टक्के.
"शंभरातले?" माझा घसा कोरडा.
"शंभर कुणाचंच नसतं," डॉक्टर चिलवेरी म्हणाल्या.
"धडधाकट हृदयसुद्धा साठेक टक्केच रक्त पुढे ढकलतं.
बाकीचं ठेवून घेतं."

रिक्षात, अशोक चौकाचे खड्डे खात,
नायना बोटांवर मोजत राहिले.
मग एकदम: "साठातले पस्तीस. पास की!"

अम्मानं शेंगाचटणीची बरणी
वरच्या फळीवर मागे सारली.
आता रोज सकाळी वजन, वहीत.
सहा महिन्यांनी परत इको.

तोवर ते झोपले की
पाठीला कान लावून मी उगीच ऐकते.
शेजारचा माग चालू असला
तर काहीच कळत नाही.