श्रेयनामावली

त्या दृश्यात आर्व्होला मेलेलं दिसायचं होतं
आणि कॅमेराही त्यालाच लावायचा होता.
उणे अठ्ठावीस. माझ्या पिकअपचा हीटर
नोव्हेंबरातच गेलेला.
बॅटरी काखेत धरून तो बसला होता,
अंडं उबवणाऱ्या कोंबडीसारखा.

अडचण अशी, की प्रेत आठवडाभर बर्फात पडलंय,
मग कॅमेऱ्यापासून तिथवर ही ताजी पावलं कुणाची?
म्हणून तो टेकडीला वळसा घालून
पलीकडच्या झाडीतून यायचा आणि पडायचा.
तोवर अर्धी टेप संपलेली.
उठायचा, पुन्हा वळसा, पुन्हा बघायचा.
"श्वास दिसतोय गं माझा."
"मग घेऊ नकोस," मी म्हटलं.
त्यानं तोंडात मूठभर बर्फ कोंबला
आणि नीट मेला.

रात्री तो रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवायचा,
गोल गोल, रिकाम्या बाकांसमोर.
पहाटे आमच्या तळघरात संकलन.
वॉशिंग मशीन लावायचं नाही, अशी सक्त ताकीद.
पोस्टमन, पाद्री, पोलीस, तिन्ही तोच,
मिशी तेवढी बदलायची.
बाई लागली तेव्हा मला उभं केलं, पाठमोरी.

थंडर बेच्या फिनिश हॉलमध्ये पहिला खेळ.
बावीस माणसं. त्यातली चार पॅनकेक असतील म्हणून आलेली.
शेवटी नावं वर सरकू लागली.
दिग्दर्शन, आर्व्हो लेहतोला. एकदाच.
पुढे सगळी परकी माणसं:
छायाचित्रण हाल्ली रांता,
ध्वनी मुस्ती कोर्पी,
संकलन तुर्रे साल्मी.
मागचा म्हातारा म्हणाला,
"पोराची टोळी बरीच मोठी दिसते."

आईनं हातमोजा तोंडात धरला होता.
हाल्ली, मुस्ती, तुर्रे,
आजोबांची कुत्री,
लाकडाच्या वखारीमागं ओळीनं पुरलेली.
"तुर्रेला कसलं संकलन," ती कुजबुजली,
"दिसेल त्याचे तुकडे करायचं ते."
आणि मग तिला हसू आवरेना,
की रडू, मला अंधारात कळलं नाही.

त्या कुत्र्यांच्या रांगेत, शेवटून दुसरं:
वाहन, सिर्का लेहतोला.

बाहेर पिकअप सुरू होईना.
मी चाकावर, तो मागून ढकलतोय.
"माझंच खरं का घातलंस?"
मी काच खाली करून ओरडले.
काहीतरी म्हणाला, ऐकू आलं नाही.
आरशात त्याचा श्वास दिसत होता.
भरपूर.